वजनाआधीची पंगत

पडदा वर जातो तेव्हा दुपार भरात आलेली आहे. पनवेलच्या एसटी स्टँडच्या मागल्या अंगाला एक लांबोडकी खोली, वर पत्रे, पत्र्यांखाली चार पंखे आणि चौघांचे सूर चार. एरवी या बाकांवर खाकी कपड्यातले ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारातले हमाल आणि तहसील कचेरीत खेटे घालून दमलेली माणसं जेवतात. आज पात्रं निराळी आहेत. सोनेरी केसांची, कुरळ्या केसांची, थंडीच्या मुलखातून आलेली लालबुंद गालांची, पाठीवर आपापल्या देशांची नावं मिरवणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं-पोरी. खांदे पैलवानांचे, चेहरे मात्र शाळेतले. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, हिरव्या पातळाचा पदर कमरेला खोचून, एका हातात भाताचं पातेलं आणि दुसऱ्या हातात डाव घेतलेली एक बाई.

ही कमळाबाई घरत. नाटकात असती तर नुसत्या येण्याला टाळी घेऊन गेली असती. चाल अशी की बाक बाजूला व्हावेत, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही भात हवासा वाटावा.

"काय गो, पोट हाय का पाकीट? येवढंसं काय खातेस?"

समोरच्या सोनेरी केसांच्या मुलीला एक अक्षर कळलं नाही. ती हसली. हसली म्हणजे रुकार, असं समजून कमळाबाईने डाव उलटा केला.

पनवेलजवळच्या एका नव्या कोऱ्या क्रीडागृहात आंतरराष्ट्रीय युवा ज्युदो स्पर्धा भरली होती. जेवणाचं काम ज्याने घेतलं होतं त्याने ऐन वेळी हात वर केले, आणि दाऊदसर घाम पुसत खानावळीत आले. दाऊदसर म्हणजे मस्कतला एका क्लबात वर्षानुवर्षं ज्युदो शिकवून परत आलेले पनवेलचे गृहस्थ. इथल्या पोरांना ते शिकवत आणि दुपारचं जेवण कमळाबाईकडे घेत.

"वहिनी, माझी इज्जत तुमच्या हातात आहे," ते म्हणाले. "तिखट नको, तेल नको. आणि ज्याला हवं तेवढंच वाढा, बस."

"इज्जतीचं काय घेऊन बसलात सर! पोरं कुठनं कुठनं आलीत. उपाशी जातील काय माज्या दारातनं?"

ज्याला हवं तेवढंच वाढा. हे वाक्य कमळाबाईने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिच्या कानाला वाक्य वाटतच नसे. लग्नात मुलीचा बाप म्हणतो, बारशाला आजोबा म्हणतात, दिवसकार्याला भटजी म्हणतात. म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. वाढणाऱ्याने त्यावर हसून डाव भरायचा असतो.

तिची ही शिकवणी गव्हाणची. बाप मिठागरावर राबायचा. मीठ ओढायच्या दिवसांत बाहेरगावची माणसं कामाला येत, त्यांचं रांधण तिची आई करायची. पाय मिठाने चिरलेले, डोळे पांढऱ्या उन्हाने जळलेले, आणि तरी पानावर बसल्यावर प्रत्येक जण म्हणायचा, "नको वैनी, पुरे." आई लेकीला सांगायची, "पहिला नको लाजंचा. दुसरा नको रीतीचा. तिसरा नको पोटाचा. तिसऱ्याच्या आधी जी हात आखडते ती वाढपी नव्हं." आज ती मिठागरं नाहीत. त्या बाजूला विमानं उतरतात, उलव्यात रोज एक इमारत आभाळाला टेकते. आईसुद्धा गेली. शिकवण तेवढी कमळाबाईच्या मनगटात राहिली. पनवेलात तिच्याविषयी बोललं जायचं, की घरतांच्या खानावळीत शिरायला जागा मिळते, उठायला परवानगी मिळत नाही.

आणि म्हणून त्या शुक्रवारी, खिडकीपाशी एकटी बसलेली ती मुलगी तिच्या नजरेतून सुटली नाही.

बुटकी, गोल चेहऱ्याची, केस घट्ट आवळून बांधलेले. पाठीवर मंगोलिया. पानात भाताची चार शितं आणि कोंबडीचा एक तुकडा, तोही ती नखाएवढा तोडून खात होती. गाल आत गेलेले, ओठ सुकून पांढरे पडलेले.

कमळाबाईने डाव खाली ठेवला. "अवो," तिने नवऱ्याला हाक मारली. "ती पोर बगितली? पोटात काय नाय तिच्या."

दाजी मोरीजवळ काकड्या सोलत होते. ते आयुष्यभर काकड्या, कांदे आणि बायकोचा शब्द सोलत आले होते आणि तिन्हींमुळे डोळ्यांत पाणी येतं असं सांगत. "कमळे, तिला नसंल आवडत आपलं. राहू दे."

"आवडत नाय म्हणं! चव घेईल तेवा आवडेल ना?"

ती मुलीजवळ जाऊन बसली. वाढायला नव्हे, बसायला. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "कमळा." मुलगीही छातीवर हात ठेवून म्हणाली, "नोमिन." मग कमळाबाईने तांदळाची भाकरी तिच्या पानात ठेवली. नोमिनने मान हलवली. हा पहिला. कमळाबाईने वर वालाचं बिरडं घातलं. नोमिनने पानावर तळहात आडवा धरला. हा दुसरा. कमळाबाईने तो हात अलगद उचलला, उलटा करून कुरवाळला, बाजूला ठेवला आणि पांढऱ्या रश्शाचा वाडगा भातावर रिता केला.

नोमिनने दाराकडे पाहिलं. तिचे गुरुजी तिथे नव्हते, ते सामन्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या बैठकीला गेले होते. तिने पानाकडे पाहिलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि खाली मान घालून ती खाऊ लागली.

काय खाल्लं पोरीने! भाकरी गेली, भात गेला, पुन्हा भात आला, तोही गेला. खीर वाटीभर, मग अजून वाटीभर, आणि मीठ घातलेल्या ताकाचा तांब्याच. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. कमळाबाईने पदराने तिचे गाल पुसले.

"घरची आठवण आली गो बायेला," ती दाजींना म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले.

 दाजी काकडी हातात धरून त्या मुलीकडे बघत राहिले होते.

संध्याकाळी कमळाबाई क्रीडागृहावर गेली ती वेगळ्याच आनंदात. तिच्या भावाची मुलगी, गव्हाणची रेवा भगत, याच स्पर्धेत खेळणार होती. अठ्ठेचाळीस किलोखालच्या गटात. ज्युदोत जोडीला जोड लागते, वजनाच्या बाहेरचा गडी चालत नाही, इतपत कमळाबाईला ठाऊक होतं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी काट्यावर उभं राहावं लागतं, हे मात्र दुपारची पंगत उठल्यावर कळलं होतं. ते उरकलं की रेवा जेवणार होती, म्हणून डब्यात तळलेली कोलंबी होती. दोन महिने पोर खानावळीकडे फिरकली नव्हती. "अब्यासात हाय ती," दाजी सांगायचे. आज मात्र सगळा हिशेब चुकता करायचा होता.

कॉरिडॉरमध्ये आईबाप, गुरुजी, पंच यांची गर्दी. मध्ये एक बंद दार, त्यामागे मुलींचं वजन. आणि त्या गर्दीच्या कडेने, अंगात दोन-दोन जाड जॅकेटं, डोक्यावर टोपी, असं कुणीतरी धावत होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. परत भिंतीपर्यंत. चेहरा उकडलेल्या बिटासारखा.

"कोण ती येडी?" कमळाबाई हसत म्हणाली. "या उकाड्यात स्वेटर घालून पळते!"

धावणारी मुलगी वळली. ती नोमिन होती.

"सर, काय झालं पोरीला? का पळते ती?"

दाऊदसर भिंतीला टेकून उभे होते. नेहमी ताठ असलेला माणूस आज खुंटीवर काढून ठेवलेल्या कोटासारखा दिसत होता. "वजन उतरवतेय, वहिनी. अठ्ठेचाळीसच्या वर भरली. जवळजवळ किलोभर वर. सकाळी बरोब्बर होती, तिच्या सरांनी स्वतः बघितलं होतं. दार बंद व्हायच्या आत उतरलं नाही तर बाद."

"बाद म्हंजे?"

"म्हणजे खेळायचं नाही. आली तशी परत."

"पन वाढलं कसं?"

 सरांनी नजर खाली घेतली, ती कमळाबाईच्या हातातल्या डब्यावर जाऊन थांबली, आणि तिथून त्यांनी ती घाईघाईने काढून घेतली.

आणि मंडळी, रंगभूमीवर माईक बंद पडतो ना, तसं झालं. माणसं दिसत होती, तोंडं हलत होती, आवाज बंद. कमळाबाईच्या कानात फक्त त्या बुटांचा आवाज येत राहिला. भिंतीकडून भिंतीकडे. तो वाडगा तिला दिसला. आडवा धरलेला तळहात दिसला. आपल्याच हाताने तो उचलून बाजूला ठेवला, तेही दिसलं. पोरगी रडत होती. रडत खात होती. आणि आपण तिचे डोळे पुसून पुन्हा भात घातला.

"सर," ती म्हणाली. "ती उपाशी होती. मुद्दाम होती?"

"हो वहिनी. कितीतरी दिवस. हे सगळे असतात."

"लेकरं? मुद्दाम उपाशी?" तिला ते पटेचना. ज्या बाईने उभ्या जन्मात भूक ही फक्त मारायची वस्तू म्हणून पाहिली, तिला कळेना की भूक कुणी जपूनही ठेवतं. "मला सांगितलं का नाय तुमी?"

"सांगितलं होतं. हवं तेवढंच वाढा म्हणालो होतो." मग ते स्वतःच कसनुसे झाले. "नाही, गलती माझी आहे. दहा वर्षं तुमच्या पानावर बसतोय मी. मला कळायला हवं होतं की तुमच्याकडे या वाक्याला काही अर्थ नाही."

दार उघडलं. नोमिन जॅकेटं फेकून आत गेली. तिचे गुरुजी, एक मोठ्या हाडाचा मुका वाटणारा माणूस, दाराकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर आली तेव्हा तिला कुणी काही विचारलं नाही. ती भिंतीशी बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. थोडक्यात राहिलं होतं. मूठभर भाताएवढं.

कमळाबाई टेबलाशी गेली. तिथे बसलेल्या पंचबाईंना ती मराठीतच म्हणाली, "बाई, त्या पोरीनं माज्या हातनं खाल्लंय. चूक माजी हाय. माजं काय ते वजन धरा, तिला खेळू द्या." दाऊदसरांनी ते इंग्रजीत सांगितलं. पंचबाईंनी उठून कमळाबाईचा हात हातात घेतला, फार मायेने घेतला, आणि नकाराची मान हलवली. काटा कुणी वाढलं ते विचारत नाही.

तेवढ्यात मागून हशा आला. धनेश होता. गव्हाणचाच, उलव्यातल्या बांधकामांना खडी-रेती पुरवणारा, दाऊदसरांच्या ज्युदो क्लबच्या कमिटीवरचा. मनाने वाईट नव्हता. गावाचं काहीही चांगलं झालं की त्याला आपल्याच घरी पाळणा हलल्यासारखं व्हायचं.

"आत्या! मानलं तुमाला!" तो ओरडला. "मंगोलियाची चॅम्पियन ती! आपल्या रेवाला एकच डोईजड होती, आणि तुमी मॅटवर पाय न ठेवता चितपट केली! कोंबडी खाऊ घालून!"

आजूबाजूचे हसले. कुणी टाळी दिली. कमळाबाई त्या टाळीकडे बघत राहिली. आपल्याला शिव्या घालताहेत की शाबासकी देताहेत, हे कळायला तिला वेळ लागला. आणि शाबासकी आहे हे कळल्यावर तिने डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

रेवा वजन देऊन बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "हे तू केलंस?"

"रेवा, बाय, मला ठावं नव्हतं गो."

"कसं नव्हतं? मी दोन महिने तुझ्याकडे आले नाही ते कशासाठी? दाजींना सांगितलं होतं मी. वजन आहे, आत्याकडे बसले की उठता येत नाही, स्पर्धेनंतर येते असं सांगा. सांगितलं होतं, आत्या! तुला सगळं माहीत होतं." तिने नोमिनकडे बोट दाखवलं. "दोन वर्षं मी तिचे व्हिडिओ बघतेय. मला तिच्याशी खेळायचं होतं. जिंकायचं होतं नाहीतर हरायचं होतं. तू काय केलंस हे?"

कमळाबाईने पुढे केलेला डबा तिने घेतला नाही.

घरी आल्यावर कमळाबाईने दाजींना रेवाचं बोलणं तेवढं सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून उद्याच्या वालांना मीठ लावत होती. एकदा लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा बरणीत हात घातला तेव्हा दाजींनी तो धरला.

"कमळे, पोरीनं मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी तुला बोललो नाय. तुज्या जेवणानं तिचं नुकसान होतं, हे कसं सांगू तुला? तू दोन महिने जेवली नसतीस. म्हनून अब्यास म्हटलं."

"आनि दुपारी? तुमी बगत होता."

"बगत होतो. वाटलं, हिला थांबवावं. मग वाटलं, हिला थांबवलंय कुणी कदी?"

कमळाबाई खुर्चीत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आपला नवरा आपल्या मायेला घाबरतो हे तिला त्या दिवशी कळलं. भाची घाबरते. कुणास ठाऊक, कितीजण घाबरून जेवले असतील. तिसरा नको पोटाचा, आई म्हणायची. हे लोक तर पहिल्या नकोच्याही आधीपासून नको म्हणत होते, आणि ते तिला ऐकूच आलं नव्हतं.

शनिवारी रेवाला सोन्याचं पदक मिळालं. कमळाबाई दाराच्या आत आली नाही. बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभी राहून तिने आरडाओरडा ऐकला, राष्ट्रगीत ऐकलं, हात जोडले. रेवा पदक घालून बाहेर आली ती तिच्या शेजारून गेली. पाहिलं, पण थांबली नाही. तिच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. बक्षीस चुकून आपल्या हातात दिलं गेलंय, आणि ते परत कुणाला द्यायचं ते कळत नाही, असा चेहरा होता.

रविवारी सकाळी सगळे संघ निघणार होते. दाऊदसरांचा फोन आला. "वहिनी, सरावाच्या हॉलवर या. दाजींनाही आणा. पोरींनी काहीतरी ठरवलंय."

हॉल रिकामा होता. मॅटवर दोघीच, एक पांढऱ्या वेशात, एक निळ्या. पंच नाहीत, गुण नाहीत, घड्याळ नाही. रेवानेच नोमिनच्या गुरुजींना विचारलं होतं. त्या मुक्या वाटणाऱ्या माणसाने बराच वेळ तिच्याकडे पाहून एकदाच मान डोलावली होती.

दोघींनी वाकून नमस्कार केला. एकमेकींच्या कॉलरला हात घातले. रेवाने पाय पुढे टाकला. पुढे काय झालं ते कमळाबाईला समजलंच नाही. नोमिन नुसती वळली, दार उघडताना माणूस वळतो तेवढीच, आणि गव्हाणची सुवर्णपदकवाली पोरगी हवेतून गोल फिरून पाठीवर आपटली. आवाज असा झाला की दाजींनी कान झाकले.

"इप्पोन," दाऊदसर श्वास सोडत म्हणाले. "पूर्ण गुण. याच्या पुढे सामना नसतो."

रेवा उताणी पडून छताकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती रडू लागली, आणि रडता रडता उठून म्हणाली, "परत."

परत पडली. तिसऱ्यांदा थोडी टिकली, आणि पडली. कमळाबाईला वाटलं होतं की भाची पडताना पाहून काळीज तुटेल. तुटलं ते दुसऱ्याच कारणाने. हे सोळा वर्षांच्या हाडांतलं एवढं मोठं कसब, समुद्र-डोंगर ओलांडून इथे आलेलं, आणि ते कुणी पाहिलं? चार माणसांनी, रिकाम्या हॉलमध्ये.

खेळ थांबल्यावर ती मॅटच्या कडेला गेली. चपला काढल्या. हात जोडायला गेली तर नोमिनने ते हात धरून खाली केले. मग ती बोलू लागली. तिच्या गुरुजींनी त्याचं इंग्रजी केलं, दाऊदसरांनी मराठी.

"ती म्हणतेय, तिच्या आजीच्या घरी वडीलधाऱ्याने वाढलेलं पानात टाकत नाहीत. तुम्ही हात बाजूला केलात, तो आजीसारखाच केलात."

"म्हंजे माज्यामुळंच," कमळाबाई म्हणाली.

नोमिनने जोराने मान हलवली. पुन्हा बोलली, या वेळी खाली बघत. दाऊदसरांनी आवाज खाली आणला. "ती म्हणतेय, तेवढंच कारण असतं तर दोन घास खाऊन उठले असते. पण पहिल्या घासानंतर मला वाटलं, या बाईने थांबू नये. हाताने नको म्हणत होते, आणि आतून म्हणत होते, थांबू नका. हे मी अजून सरांनाही सांगितलं नव्हतं."

गुरुजींनी चमकून मुलीकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं. त्या मोठ्या हाडाच्या माणसाची पाठ थोडा वेळ हलत होती.

 कमळाबाईने त्या मुलीचं डोकं छातीशी धरलं. दाजी दोन पावलं पुढे आले आणि रेवाला म्हणाले, "बाय, मला मार. तुजा निरोप मी दिलाच नव्हता आत्याला. अब्यास हाय म्हटलं."

रेवाने दाजींकडे पाहिलं, मग आत्याकडे. "म्हणजे तुला खरंच..."  तिने आत्याचा पदर मुठीत धरला, लहानपणी जत्रेत धरायची तसा.

त्याच संध्याकाळी गव्हाणात सत्कार होता. देवळासमोर मांडव, दिव्यांच्या माळा, बेंजो, धनेशच्या खर्चाने केलेला रेवाचा माणसाएवढा फोटो. सगळा गाव लोटला होता. कमळाबाईचा भाऊ, रेवाचा बाप, नवीन सदऱ्यात पहिल्या रांगेत बसला होता आणि दर मिनिटाला डोळे पुसत होता. सत्काराचे हार झाले, शाली झाल्या, फटाके झाले. मग धनेशने माईक हातात घेतला.

"गाववाल्यांनो, रेवाचं सोनं तुमी बगितलं. पन खरं सोनं मागच्या रांगेत बसलंय! आमची कमळाआत्या! परदेशी पोरगी अशी जेवायला घातली, अशी घातली, की काट्यालाच घाम फुटला!" मांडव हसला. "आपल्या गावच्या लेकीनं हातात हत्यार न घेता सामना मारला! आत्या, या वर! टाळ्या!"

टाळ्या कोसळल्या. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हातारे मांड्यांवर थापा मारत होते. कौतुकाने हसत होते सगळे, हेच वाईट. कुणीतरी कमळाबाईला उठवलं, कुणीतरी पुढे ढकललं. ती पायऱ्या चढली. समोर आपलं माहेर बसलेलं. पहिल्या रांगेत भाऊ, हसरा, ओल्या डोळ्यांचा. तोंड उघडलं तर त्याच्या लेकीच्या पदकाला खोट येणार. नाही उघडलं तर मिठागराच्या उन्हात रांधणाऱ्या आईची लेक जन्मभर विषारी पानाची मालकीण म्हणून मिरवणार, आणि तेही हारतुरे घालून.

तिने रेवाकडे पाहिलं. रेवाने धनेशच्या हातातून माईक काढून घेतला. तो आत्याच्या हातात देताना तिने दुसऱ्या हाताने गळ्यातलं पदक काढलं आणि मुठीत धरलं.

"बोल आत्या," ती म्हणाली.

बेंजोवाल्याला वाटलं गाणं आहे, त्याने सूर धरला आणि मग आपणहून सोडला. मांडव शांत होत गेला, रांगेमागून रांग.

"ती पोरगी कुनाकडनं हरली नाय," कमळाबाई म्हणाली. "आज सकाळी तिनं आपल्या रेवाला तीन येळा पाडली, मी डोळ्यांनी बगितली. शुक्रवारी ती माज्या हातनं बाद झाली, आनि मी ते मुद्दाम केलं नाय. मुद्दाम केलं असतं ना, तर आज तुमच्यासंगं मीपन हसले असते."